मूल रमत नाही? आधी मांडणी बघा: हाताने शिकण्यातल्या या चुका टाळा

तीन-चार वर्षांच्या मुलांच्या पालकांची एक तक्रार हमखास असते: "ताई, घरी सगळं साहित्य आणलंय, पण हा पाच मिनिटं एका जागी बसेल तर शपथ!" अशा वेळी मी मुलाबद्दल फारसं विचारत नाही. साहित्य कुठे ठेवलंय, किती ठेवलंय आणि तेव्हा घरातलं मोठं माणूस काय करत होतं, एवढंच विचारते. गडबड बहुतेक वेळा तिथेच असते.

सगळं एकदम समोर

तुळशीबागेतली भातुकली, ऑनलाइन मागवलेले ठोकळे, वाढदिवसाला आलेली कोडी, सगळं एका टबात. टब उपडा होतो, दोन मिनिटं खडखडाट होतो आणि मूल उठून जातं. यात एकाग्रतेचा काही दोष नाही, त्या ढिगातून आपल्यालाही काही निवडता आलं नसतं. मुलाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर चार-पाचच गोष्टी ठेवा, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ताटलीत. बाकीचं माळ्यावर. पंधरा दिवसांनी अदलाबदल करा, पण ज्यात ते रमलंय ते हलवू नका. डब्यांची झाकणं महिनाभर लावत बसलं तरी बसू द्या.

सांडतं म्हणून ओतणं बंद

सगळ्यात जास्त घरं इथे हार मानतात. काठोकाठ भरलेला तांब्या तीन वर्षांच्या हातात दिला तर तो सांडणारच. वजन जास्त, तोंड रुंद आणि ओतायचं ते उभ्याने. क्रम असा ठेवून बघा: आधी चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत हाताने टाकणं, मग चमच्याने राजमा, मग छोट्या भांड्यातून तांदूळ ओतणं आणि शेवटी पाणी. पाणी तेवढंच द्यायचं, जेवढं दुसऱ्या भांड्यात पूर्ण मावेल. खाली परात आणि शेजारी एक छोटं फडकं. फडकं विसरू नका. सांडलेलं पुसणं हा कामाचाच भाग आहे, शिक्षा नव्हे. बऱ्याच मुलांना ओतण्यापेक्षा पुसण्यातच जास्त रस असतो.

तरीही जमत नसेल, तर आपण एका वेळी दोन अवघड गोष्टी देतोय का ते बघा. माँटेसरी पद्धतीच्या साहित्यातल्या गुलाबी मनोऱ्यात दहा घनाकृती ठोकळे असतात, १ सेंटिमीटरपासून १० सेंटिमीटरपर्यंत. रंग एकच, आकार एकच, बदलतं ते फक्त माप. त्यामुळे मुलापुढे एकच प्रश्न उरतो. घरी बटणं निवडायला देताना हेच करा. रंगाप्रमाणे वेगळी करायची असतील तर सगळी बटणं एकाच मापाची हवीत. लाल मोठं, लाल छोटं, निळं चौकोनी असं मिश्रण दिलं, की मूल गोंधळतं आणि आपण म्हणतो, याला रंग येत नाहीत.

मधेच बोलणं

"अगं, असं नाही, उलटं धर." हे वाक्य गिळायला शिकणं ही या सगळ्यातली खरी कसोटी. झाकण चुकीचं असेल तर ते बसत नाही, चूक काय ते झाकणच सांगतं. आपल्या सांगण्याची गरजच नसते. "व्वा, किती छान!" हेही तितकंच नडतं, कारण मूल काम सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. "हा कुठला रंग गं?" ही परीक्षा तर नकोच. मूल मदत मागेल किंवा चिडून रडकुंडीला येईल, तेव्हा अडलेली एकच पायरी करून दाखवा आणि हात मागे घ्या.

आजी-आजोबांना हे गप्प बसणं विचित्र वाटतं, त्यात नवल नाही. त्यांना उपदेश करण्यापेक्षा थंडीत मंडईतून आणलेले मटार सोलायला नातवाला त्यांच्या शेजारी बसवा. त्या तासाभरात बोटांचा जितका व्यायाम होतो, तितका महागड्या किटमध्ये क्वचित होतो.

महागड्या किटचा मुद्दा तसाही जुना आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं ते शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंवर.

मोकळीक म्हणजे वाट्टेल ते

निवड मुलाची, पण फळीवर काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. नियम दोन-तीनच: फेकायचं नाही, दुसऱ्याच्या हातातलं ओढायचं नाही, झालं की जागेवर ठेवायचं. चिंचोके फेकले, तर ते शांतपणे उचलून ठेवा आणि फेकायला चेंडू घेऊन खाली सोसायटीच्या अंगणात जा. फेकायची हौस खोटी नसते, वस्तू चुकीची असते.

पेन्सिलीची घाई

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करत कित्येक वर्षांनी पक्की होतात. साडेतीन वर्षांच्या हाताकडून चार रेघी वहीत अ-आ गिरवून घेण्याआधी हे आठवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय, म्हणजे घाई करायचं कारण सरकारी कागदातही नाही. पेन्सिलीऐवजी माती द्या. गणपतीच्या आधी पुण्यात शाडू सहज मिळतो. वाळून कडक झाला तर तुकडे करून पाण्यात भिजत घाला, पुन्हा मऊ होतो.

इथे मात्र ढिलाई नको

तीन वर्षांखालच्या मुलाला शेंगदाणे, चिंचोके, मणी खेळायला देऊ नका. तीननंतरही समोर बसूनच द्या. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकणं ही डॉक्टरांकडे नेहमी येणारी गोष्ट आहे. घड्याळातले चपटे सेल आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी घरात नसलेलेच बरे.

बालवाडी बघायला गेल्यावर

माहितीपत्रकावरचे शब्द सोडा, भिंत बघा. वीस गणपती अगदी एकसारखे, एकाच जागी डोळे चिकटवलेले दिसले, तर ते ताईंनी पूर्ण केलेत. साहित्य कुलूपबंद काचेच्या कपाटात असेल, तर ते पालकांना दाखवायला आहे. मग वेळापत्रक मागा. दर वीस मिनिटांनी तास बदलत असेल, तर मूल कामात शिरेपर्यंत घंटा होते. सलग एक-दीड तास मोकळ्या कामाला ठेवलाय का ते विचारा, आणि ठेवला असेल तर त्या वेळात मागे बसून बघायची परवानगी मागा. फोन मात्र पर्समध्ये ठेवा, नाहीतर मुलं फोटोसाठी उभी राहतात.