छातीत न दुखणारा हार्ट अटॅक: ओळखायचा कसा आणि घरात तयारी काय ठेवायची

घरात चाळिशीच्या पुढचं कोणी असेल, त्यातून डायबिटीस, बीपी नाहीतर तंबाखू-सिगरेट असेल, तर हे वाचून आजच घरच्यांशी बोलून ठेवा. मुंबईत पेशंटचा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो हे खरंय पण त्याच्या आधी तो घरातच जातो, ॲसिडिटी असेल, इनो घे, जरा पड, सकाळी बघू, असं करत. आणि आपल्या लोकांना अटॅक लवकर येतो बरं का. २००४ साली इंटरहार्ट नावाचा मोठा अभ्यास आला होता, त्यात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या अटॅकचं वय बाकीच्या देशांपेक्षा पाच-सहा वर्षांनी कमी निघालं, म्हणजे साधारण त्रेपन्नच्या आसपास. त्यामुळे "अजून वय कुठंय" हे आपल्याकडे चालत नाही.

आता लक्षणं. छातीवर कोणीतरी बसलंय असा दाब, डावा हात दुखणं, हे सगळ्यांना माहितीये. पण दुखणं जबड्यात येऊ शकतं, गळ्यात येऊ शकतं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत, उजव्या हातात, नाहीतर बेंबीच्या वर पोटात जळजळ होऊन येऊ शकतं. कारण सोपंय, हृदयाच्या दुखणं कळवणाऱ्या नसा (रक्तवाहिन्या नव्हे) आणि हात-मान-जबड्याकडच्या नसा मेंदूकडे जाताना वाटेत एकत्र होतात, त्यामुळे दुखतंय कुठून हे मेंदूला नीट कळत नाही. हृदयाच्या खालच्या भागाचा अटॅक असेल तर मळमळ, उलटी जास्त होते, आणि मग सगळे दुपारच्या वडापावला दोष देतात.

बायकांमध्ये छातीत दुखणं असतंच पण बरोबर दम लागणं, उलटीसारखं होणं, पाठ-जबडा दुखणं आणि कारण नसताना प्रचंड थकवा, हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. आणि बायका सांगत नाहीत हा वेगळाच प्रॉब्लेम, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ओट्यापाशी उभी असलेली बाई "दमले गं जरा" एवढंच म्हणणार. डायबिटीसवाल्यांचं अजून अवघड, बरीच वर्षं शुगर असली की नसा बोथट होतात आणि दुखणं जाणवतच नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो किंवा शुगर अचानक बिनसते. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी फक्त चक्कर येते नाहीतर ती एकदम बरळायला लागतात.

एक गोष्ट नीट बघा. संध्याकाळी दादरला भाजीची पिशवी घेऊन पूल चढताना जबडा दुखतो, वर जाऊन दोन मिनिटं कठड्याला टेकलं की थांबतं, दुसऱ्या दिवशी परत तसंच. हे दाताचं नाही. चढलं की सुरू आणि थांबलं की बंद, असं दुखणं कुठेही असलं, दातात, खांद्यात, पोटात, तरी ते हृदयाचं समजून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. तेच आता जास्त वेळा होतंय, कमी श्रमात होतंय किंवा बसल्याबसल्या होतंय, तर आठवडा नाही, लगेच निघायचं.

गॅस की हार्ट हे घरी बसून खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, म्हणून नियम आधीच ठरवून टाका. आमच्याकडे असा आहे: थंड घाम, दम, उलटीची भावना किंवा वर सांगितलेल्या जागी दुखणं, यातलं काही नवीनच सुरू झालं आणि दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही तर ईसीजी काढायला जायचं, चर्चा नाही. अंगाला दरदरून थंड घाम असेल तर तेवढंही थांबायचं नाही. ढेकर आली, इनोने बरं वाटलं, म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. हातातल्या घड्याळाचा ईसीजी पण कामाचा नाही, तो ठोक्यांची लय बघतो, अटॅक पकडत नाही.

निघायचं कसं. १०८ लावा, फुकट आहे, पत्ता सांगताना बिल्डिंगच्या नावाबरोबर जवळचं देऊळ, नाका काय असेल ते सांगा आणि एकाला खाली गेटवर उभं करा. ॲम्ब्युलन्सला खूप वेळ लागणार असं कळलं तर टॅक्सी, रिक्षा जे मिळेल ते (शहरात म्हणजे माहीम-सायनच्या खाली रिक्षा नाही हे रात्री घाईत विसरायला होतं). पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, बाईकवर मागे बसवायचं नाही. आणि जिना उतरवू नका! लिफ्ट नसलेल्या चाळीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणायचं, खुर्चीला हात असलेली घ्या आणि ओढणीने कंबरेशी बांधा म्हणजे वळणावर पेशंट पुढे घसरत नाही.

ॲस्पिरिन: ३०० मिलिग्रॅमच्या आसपास, चावून, गिळून नाही. ७५ ची ईकोस्प्रिन असेल तर चार गोळ्या. पण ॲलर्जी, अल्सर, कुठूनही रक्तस्राव असेल किंवा तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय असं लकव्यासारखं दिसत असेल तर द्यायची नाही, म्हणून आपल्या माणसाला चालते का हे फॅमिली डॉक्टरला आत्ताच विचारून कागदावर लिहून ठेवा. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हार्टची गोळी) जिभेखाली ठेवायचा उद्योग नको, बीपी धाडकन खाली येऊ शकतं. जोरजोरात खोकून अटॅक थांबवा हा फॉरवर्ड तर डिलीटच करा. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

लोकलमध्ये झालं तर दोन स्टेशनांच्या मध्ये चेन खेचू नका, गाडी जिथे थांबेल तिथे ना स्ट्रेचर ना डॉक्टर. पुढच्या स्टेशनला उतरवा, स्टेशन मास्तरला गाठा, आधीच रेल्वेच्या हेल्पलाईनला, १३९ ला, फोन करून ठेवा.

हॉस्पिटल रविवारी निवांत शोधून ठेवायचं. जवळचं म्हणून कुठलंही नर्सिंग होम नाही, कॅथलॅब (हृदयाची बंद रक्तवाहिनी नळी घालून उघडतात ती खोली) आहे का आणि रात्री दोनला पण चालू असते का, हे दोन प्रश्न रिसेप्शनला विचारायचे. मोठी सरकारी आणि पालिकेची हॉस्पिटलं, केईएम, सायन, नायर, जेजे, यातलं तुमच्या बाजूला कुठलं ते बघून ठेवा. बंद पडलेली रक्तवाहिनी पोचल्यापासून ९० मिनिटांत उघडावी असं डॉक्टर धरून चालतात, त्यात एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे पाठवलं की वेळ गेलाच. फ्रीजवर एक कागद लावा: चालू गोळ्या, ॲलर्जी, ठरवलेलं हॉस्पिटल, मेडिक्लेमचा नंबर. मेडिक्लेम नसेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, त्या यादीतलं हॉस्पिटल कुठलं तेही लिहा. आधार कार्डचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाईलमध्ये हवा.

कॅज्युअल्टीत गेल्यावर "पोटात दुखतंय" म्हणून लाईनीत बसू नका, "हार्टचा संशय आहे, ईसीजी काढा" असं स्पष्ट सांगा, तो पोचल्यापासून १० मिनिटांत निघायला हवा. पहिला नॉर्मल आला म्हणून लगेच उठून घरी यायचं नाही, सुरुवातीला तो नॉर्मल दिसू शकतो, म्हणून थोड्या वेळाने परत ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी) रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करणार का हे विचारा. जुना ईसीजी मोबाईलमध्ये असेल तर तेव्हाच दाखवा, दोन्ही शेजारी ठेवले की नवीन काय झालंय ते डॉक्टरला पटकन दिसतं.