पाऊस पडला नाही की नोंदच झाली नाही? डेटाबेसमधून रोजच्या पावसाचा ग्राफ

गच्चीवर पर्जन्यमापक लावलाय, रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) दर १० मिनिटांनी मिलिमीटरचा आकडा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये टाकतोय आणि आता रोजच्या पावसाचा ग्राफ हवाय, तर पायथनमध्ये पांडाज (डेटा हाताळणारी लायब्ररी) आणि मॅटप्लॉटलिब (ग्राफ काढणारी) एवढ्यात काम होतं. कोड पंधरा-वीस ओळींचाच आहे, पण चुकला तरी एरर येत नाही, ग्राफ छानच दिसतो, म्हणून हे लिहितोय.

आधी वेळ. एसक्यूलाइटमध्ये तारखेसाठी वेगळा टाइप नाही, आणि करंट टाइमस्टॅम्प वापरला असेल तर वेळ टेक्स्ट म्हणून आणि तीही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रीड एसक्यूएलने डेटा घेताना पार्स डेट्समध्ये वेळेचा कॉलम द्या, त्यालाच इंडेक्स (ओळी ओळखायचा कॉलम) करा, मग टीझेड लोकलाइजने यूटीसी सांगा आणि टीझेड कन्व्हर्टने एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ करा.

आता दिवस कुठे सुरू होतो ते. हवामान खातं सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० असा पाऊस मोजतं आणि आकडा मोजला त्या सकाळच्या तारखेला लावतं, त्यामुळे तुम्ही मध्यरात्रीपासून मोजलंत तर पेपरातल्या आकड्याशी कधीच ताळमेळ बसणार नाही. रीसॅम्पल (नोंदींचे वेळेनुसार गट पाडणं) २४ तासांचं करा, ऑफसेट साडेआठ तास, क्लोज्ड आणि लेबल दोन्ही राइट, म्हणजे शेवटची ८:३० ची नोंद त्याच गटात येते आणि तारीखही त्याच सकाळची लागते.

आणि आता खरी गोम. माझ्याकडे ऐन जुलैत दोन दिवस लाइट नव्हती, बाहेर धो धो पाऊस आणि ग्राफमध्ये ते दोन्ही दिवस शून्य! कारण रीसॅम्पलनंतर नुसतं सम केलं की रिकाम्या दिवसाची बेरीज शून्य येते, पांडाजला कोरडा दिवस आणि बंद पडलेलं यंत्र यातला फरक कळत नाही. त्यासाठी सममध्ये मिन काउंट (किमान किती नोंदी हव्यात तो आकडा) द्यायचा. दिवसाला १४४ नोंदी हव्यात, मी १३० ठेवतो, त्याहून कमी असतील तर त्या दिवशी एनएएन (‘आकडा नाही’ अशी खूण) येतो, अर्धवट बेरीज खरी म्हणून दिसत नाही. पण हे चालायला पाऊस नसतानाही शून्याची ओळ डेटाबेसमध्ये पडत राहिली पाहिजे, फक्त पाऊस पडल्यावरच नोंद करणारी स्क्रिप्ट असेल तर ती आधी बदला.

ग्राफ काढताना पांडाजचा बार नको, तो प्रत्येक तारखेचं लेबल छापतो आणि चार महिन्यांचा डेटा असला की खाली सगळी खिचडी होते. इंडेक्समधली फक्त तारीख घेऊन मॅटप्लॉटलिबच्या बारला द्या. एवढं करूनही एनएएनच्या जागी बार दिसतच नाही, म्हणजे डोळ्याला पुन्हा शून्यच! म्हणून इज एनएने ते दिवस शोधून प्रत्येकावर एएक्सव्हीस्पॅनने फिकट राखाडी पट्टा मारा. शीर्षकात हंगामाची एकूण बेरीज देणार असाल तर किती दिवसांची नोंद नाही तेही तिथेच लिहा, कारण बेरीज करताना एनएएन गुपचूप वगळले जातात.