आई-बाबांच्या पायातली ताकद: वयानुसार काय बदलतं, घरी कसं तपासायचं आणि काय करायचं

साठीच्या पुढचा माणूस खुर्चीतून उठताना हातांनी रेटा द्यायला लागला की आपल्याकडे सगळे म्हणतात, वय झालं आता, आणि विषय तिथेच संपतो. माझं म्हणणं असंय की विषय तिथून सुरू व्हायला पाहिजे, कारण पायातली ताकद वयामुळे जाते हे खरं असलं तरी त्यातला मोठा वाटा पाय वापरायचे बंद केल्याचा असतो, आणि वापर बंद झाल्याने गेलेली ताकद बरीचशी परत आणता येते, सत्तरीत पण येते आणि नव्वदीत पण. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रात नव्वदीच्या आसपासच्या, नीट चालताही न येणाऱ्या १० जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम दिले, नऊ जणांनी ते पूर्ण केले आणि त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास छोटाच होता, पण वय झालं म्हणून सोडून द्या असं कोणी म्हणालं की मी हाच सांगते.

आधी शरीरात होतं काय ते थोडक्यात. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण ३०० हाडं असतात, बरीचशी कुर्चेची, मग ती जुळत जुळत मोठेपणी २०६ होतात. वयात येताना हाडांची भर सगळ्यात जोरात होते, मुलींची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी, आणि तिशीपर्यंत हाडं जेवढी भरायची तेवढी भरून झालेली असतात. म्हणून घरात दहा-पंधरा वर्षांची पोरं असतील तर त्यांना मैदानावर सोडा, दोरीच्या उड्या मारू द्या, लंगडी खेळू द्या, क्लासच्या नादात हे सुटतं.

तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. हे लक्षात येत नाही कारण वजनकाटा तोच आकडा दाखवतो, स्नायू गेला त्याच्या जागी चरबी आली. शिवाय स्नायूंमधले जे चपळ तंतू असतात, ज्यांच्या जोरावर आपण ठेच लागली तरी पाऊल पटकन पुढे टाकून स्वतःला सावरतो, ते आधी आणि जास्त कमी होतात. त्यामुळे बाबा रोज गार्डनला तीन चकरा मारत असतील तरी ओल्या फरशीवर पाय सरकला तर सावरतीलच असं नाही. बायकांचं अजून वेगळं, आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते आणि त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्यामुळे हाडांचं वस्तुमान २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं, म्हणजे आई पन्नाशीत असतानाच लक्ष द्यायला हवं, सत्तरीत नाही.

आता तपासायचं कसं. याला एक खुर्ची आणि मोबाईलमधलं स्टॉपवॉच एवढंच लागतं. खुर्ची हात नसलेली, डायनिंग टेबलची चालते, बसायची उंची साधारण १७ इंच, भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. हात छातीवर क्रॉस, पावलं जमिनीवर सपाट, आणि ३० सेकंदात पूर्ण उभं राहून परत बसणं किती वेळा होतं ते मोजायचं. ६० ते ६४ वयाला पुरुषांचं १४ च्या खाली आणि बायकांचं १२ च्या खाली आलं तर ताकद कमी आहे, ६५ ते ६९ ला पुरुष १२, बायका ११, सत्तरीच्या सुरुवातीला १२ आणि १०, ७५ ते ७९ ला ११ आणि १०. हाताचा आधार घ्यावाच लागला तर स्कोअर शून्य धरतात. हे आकडे अमेरिकन टेस्टचे आहेत, आपल्याकडे एक-दोनचा फरक मनात धरून बघा, पण शून्य आलं किंवा चार-पाचवरच अडकलं तर ते कुठल्याही देशात कमीच.

आकड्यापेक्षा मी उठणं-बसणं कसं होतं ते जास्त बघते. आमच्या सोसायटीत सकाळी ज्येष्ठांचा व्यायामाचा ग्रुप असतो, तिथे नवीन कोणी आलं की आधी बसताना बघायचं. ताकद असलेला माणूस शेवटपर्यंत कंट्रोलने खाली येतो, नसलेला अर्ध्यापर्यंत येतो आणि मग धपकन बसतो, खुर्ची करकरते. दुसरं म्हणजे उठताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का, उठायच्या आधी दोन-तीन झोके घ्यावे लागतात का, आणि हात छातीवर ठेवायला सांगूनही नकळत मांडीवर येतो का. हे सगळं मांड्या आणि नितंबांचे स्नायू कमी पडतायत याचं लक्षण, आणि माणसाला स्वतःला ते कळत पण नाही, म्हणून एकदा व्हिडिओ काढून त्यांनाच दाखवा.

अजून एक सोपी गोष्ट, शिंप्याची टेप घ्या आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषांची ३४ सेंटीमीटरच्या खाली आणि बायकांची ३३ च्या खाली असेल तर स्नायू कमी असण्याची शंका घ्यायची, आशियाई लोकांसाठीच ठरवलेले आकडे आहेत हे. पायाला सूज असेल तर मात्र माप फसवं येतं. आणि उंची पण मोजून ठेवा, दाराच्या चौकटीवर पोरांची मोजतो तशीच. चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सेंटीमीटरभर कमी होणं नॉर्मल आहे, पण तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटरहून जास्त कमी झाली असेल तर मणक्यात न कळत फ्रॅक्चर होऊन गेलेलं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, ते डेक्सा स्कॅन सांगतील, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. त्यात टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करून येणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. कॅम्पमध्ये टाचेवर मशीन लावून जे सांगतात त्यावरून औषध सुरू करू नका, तो फक्त अंदाज असतो.

आता करायचं काय. चालणं चालू ठेवा, हृदयाला, शुगरला, मनाला सगळ्याला चांगलं, पण नुसत्या चालण्याने मांडीची ताकद फारशी वाढत नाही हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. स्नायूला नेहमीपेक्षा जास्त भार मिळाला तरच तो वाढतो. सुरुवात त्याच खुर्चीने करा. पुढच्या काठावर सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, छाती पुढे झुकवा इतकी की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि टाचांवर जोर देऊन उठा. बहुतेक जण सरळ ताठ बसून वर उठायला बघतात आणि मग गुडघ्यावर ताण येतो, दुखतं, आणि व्यायामच बंद होतो. खाली बसताना मनात चार आकडे मोजत बसायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ताकद खाली येतानाच जास्त तयार होते. आठ-दहा वेळा, थोडं थांबून परत, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सुरुवातीला जमतच नसेल तर सीटवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवून उंची वाढवा, मग दर एक-दोन आठवड्यांनी उंची कमी करत न्या, आणि दहा सहज व्हायला लागले की छातीशी एक लिटरची पाण्याची बाटली धरा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, सगळेच सोपे जात असतील तर भार वाढवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते चालतं, सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. छातीत दुखणं, चक्कर, दम लागून बोलता न येणं यात लगेच थांबायचं, आणि हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल तर सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारायचं.

सोबत स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आईला हे सहज करता येतं. आणि ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, जमायला लागलं की बोट काढायचं, पण ओट्याजवळून हलायचं नाही. तोल पण स्नायूसारखाच सरावाने सुधारतो.

जमिनीवरून उठणं मला वेगळं सांगायचंय, कारण आपल्या मागच्या पिढीला ही गोष्ट आयुष्यभर येत होती. पाटावर जेवण, खाली बसून भाजी निवडणं, भारतीय संडास, रोज किती वेळा उकिडवं बसणं आणि उठणं व्हायचं. मग डायनिंग टेबल आलं, कमोड आला, सोफा आला, गुडघे दुखतात त्यांना त्याचा खरंच आराम आहे, मी काढून टाका म्हणत नाही, पण ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी पण खाली बसणं बंद केलं आणि मग दहा वर्षांनी बसायला गेलं तर उठताच येत नाही. उठायची पद्धत शिकवून ठेवा. आधी कुशीवर वळायचं, हात टेकून चारही हातापायांवर यायचं, रांगत पक्क्या खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात सीटवर, एक पाऊल पुढे आणून जमिनीवर सपाट टेकवायचं, जो पाय जास्त मजबूत आहे तो, आणि मग हात आणि पाय दोघांच्या जोरावर उठून वळून खुर्चीत बसायचं. पलंगाशेजारी सतरंजीवर तुमच्यासमोर करून घ्या. घरात एकटे असताना पडले आणि काही मोडलं नसलं तरी उठता न आल्यामुळे तासन् तास तसेच पडून राहतात माणसं, फोन हाताशी नसतो, त्याचीच भीती मनात बसते आणि मग हिंडणं-फिरणंच कमी होतं.

खाण्याचं बघू. म्हातारपणी तेवढाच स्नायू टिकवायला तरुणापेक्षा जास्त प्रोटीन लागतं, मोठ्यांसाठी आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) दर किलो वजनाला रोज ०.८३ ग्रॅम सांगते, पण साठीनंतर १ ते १.२ ग्रॅम घ्यावं असं तज्ज्ञांचं मत आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. आता आईचं ताट बघा. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, रात्री मऊ भात नाहीतर दूध-पोळी, कसेबसे ३०-३५ ग्रॅम होतात. घट्ट वरणाची वाटी ६-७ ग्रॅम, उसळीची त्याहून थोडी जास्त, पेलाभर दूध ६-७, एक अंडं ६, मूठभर शेंगदाणे ७, १०० ग्रॅम पनीर १८, मासळी किंवा चिकन १०० ग्रॅमला २० च्या आसपास. म्हणून सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं आणि दही, आमटी घट्ट, संध्याकाळी फुटाणे किंवा शेंगदाण्याचा लाडू, रात्री पिठलं किंवा अंडं. दात नसतील तर शेंगदाण्याचं कूट सगळ्यात घाला. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास नसतंच, त्यामुळे आठवड्याला दोन उपवास असतील तर त्या दिवशी दूध, दही, कूट वाढवा. किडनीचा आजार असेल तर मात्र हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, दूध-दही रोज काहीतरी हवंच.

व्हिटॅमिन डीचं एक जरूर सांगायचंय. ते ६०,००० युनिटचं पाकीट किंवा गोळी साधारण आठवड्यातून एकदा घ्यायची असते, तीही ठराविक आठवडेच. घरी माणसं ती रोज घेतात, किंवा वर्षभर घेत राहतात, आणि रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला इजा होऊ शकते. औषधाच्या डब्यावर वार लिहून ठेवा. बी-१२ पण तपासून घ्या, शाकाहारी असतील आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा बरीच वर्षं ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर नक्कीच, कारण ते कमी झालं की पायाला मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात आणि तोल जातो, आणि सगळे समजतात म्हातारपण.

सगळ्यात जास्त ताकद जाते ती आजारपणात. निरोगी म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस फक्त झोपवून ठेवलं तर पायातलं जवळपास एक किलो मांस जातं असं एका अभ्यासात दिसलंय. तेव्हा डेंग्यू झाला, ऑपरेशन झालं, ॲडमिट केलं, तर डॉक्टरांना रोज विचारा की आज उठवून बसवू का, आज चार पावलं चालवू का, आणि घरी आल्यावर महिनाभर आराम करा असं प्रेमाने म्हणण्याआधी खुर्चीचा व्यायाम कधी सुरू करायचा ते विचारा.

घरातल्या दोन-तीन गोष्टी लगेच होतील. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्का बसवलेला दांडा, टॉवेलचा रॉड नाही, तो हातात येतो. सुटं पायपुसणं काढून टाका, रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा. बीपीच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर पलंगावरून एकदम उठायचं नाही, आधी काठावर बसायचं, पाय हलवायचे, मिनिटभराने उभं राहायचं, आणि तरी डोळ्यापुढे अंधारी येत असेल तर गोळ्यांचा डोस डॉक्टरांकडून बघून घ्यायचा, आपला आपण कमी करायचा नाही.

आणि पडलेच तर धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. आधी बोला, कुठे दुखतंय विचारा, डोक्याला लागलंय का बघा, दोन्ही पाय शेजारी शेजारी बघा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असेल, किंवा जांघेत खूप दुखत असेल, तर खुब्याचं हाड मोडलेलं असायची दाट शक्यता आहे, चालवून बघायचं नाही, मालिश तर अजिबात नाही, आहे तिथेच उशी देऊन पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.