जबड्यावर, पाठीवर दुखरे फोड: व्हे बंद केल्यावर थांबले

लक्षण: हनुवटी, जबडा आणि पाठीवर खोल, दाबलं की ठणकणारे फोड. व्हे प्रोटीन (दुधापासून बनवलेली प्रोटीन पावडर) सुरू केल्यावर दोनेक महिन्यांत वाढले.

फसलेले उपाय: दिवसातून चारदा फेसवॉश (कातडी सोलली), लिंबू (नुसती आग), मिरची-भजी बंद (काडीचा फरक नाही). वर्षभर नुसता वैताग.

जमलं ते या क्रमाने. आधी सात दिवस खाणं वहीत लिहिलं; साखरेच्या चहाचे पाच कप आणि बेळगावी कुंदा तिथंच सापडला. मग व्हे पूर्ण बंद. एका स्कूपच्या साधारण 24 ग्रॅम प्रोटीनऐवजी चार अंडी, नाहीतर 100 ग्रॅम कोरडी मटकी भिजवून, मोड आणून. दोन आठवड्यांनी चहा बिनसाखरेचा, पावाऐवजी ज्वारीची भाकरी. व्हे आणि साखर-मैद्याने इन्सुलिन वाढतं, तेलग्रंथींना जोर चढतो. व्हेमुळे आयजीएफ-1 (पेशींची वाढ घडवणारं, इन्सुलिनसारखं संप्रेरक) पण वाढू शकतं.

आठ ते बारा आठवडे धरा. आत आधीच तयार झालेले फोड तोवर वर येतच राहतात, म्हणून मध्येच सोडून देऊ नका. शेवटी एकेक वस्तू परत आणली: दही चाललं, व्हेने दहाव्या दिवशी हनुवटीवर दोन फोड उठवले. खड्डे पडत असतील तर मात्र थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.