मिशन ट्रिपचे फोटो घरच्यांना पाठवताना
केनियाला मिशनच्या कामाला गेलात की घरच्या ग्रुपवर फोटो टाकणं आलंच, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की क्वालिटी उतरते आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर क्वालिटी राहते पण फोटोत सेव्ह झालेलं लोकेशनही सोबत जातं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते आधीच बंद करून टाका. आपल्या पोरांच्या फोटोंनाही हेच लागू. तिकडच्या शाळेतल्या मुलांचे फोटो फेसबुकवर टाकायचे असतील तर आईबापांना विचारा, केनियाच्या २०१९ च्या डेटा कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. दवाखान्यातले पेशंट तर नकोच, आपल्या आजीचा सलाइन लावलेला फोटो कुणी असा टाकला तर चालेल का? बाजार, रस्ते, जेवणाचं ताट बिनधास्त टाका, तिकडे चपाती मिळते हे बघून आईपण निवांत होते.