‘टेक ऑन मी’ची धावती रिफ बेस गिटारवर कशी वाजवावी

ऑस्लोच्या ‘आ-हा’ या तिघांच्या बँडचं ‘टेक ऑन मी’ ऑक्टोबर १९८५ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. मॉर्टन हार्केटचा वर चढत जाणारा आवाज आणि पेन्सिलच्या रेषांतून जिवंत होणारा व्हिडिओ आजही लोकांच्या लक्षात आहे. पण गाणं ओळखू येतं ते सुरुवातीच्या सिंथेसायझरच्या रिफमुळे, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीमुळे. कीबोर्डवादक मॅग्ने फुरुहोल्मेनची ही रिफ ‘आ-हा’ स्थापन होण्याच्याही आधी, ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडच्या काळात तयार झाली होती.

मूळ गाण्यात बेसचं काम वेगळंच आहे आणि ही रिफ सगळी सिंथची आहे. तरीही बेस शिकणाऱ्याने ती बसवावी, असं मला मनापासून वाटतं. गाण्याची लय मिनिटाला सुमारे १६९ ठोक्यांची आहे. चार मात्रांचा एक बार धरला, तर चार बारांची ही रिफ सहा सेकंदांच्या आत संपते आणि तेवढ्यात २४ स्वर वाजवायचे असतात. आकडा ऐकून हात आखडतो. पण बोटं कमी वेगवान आहेत म्हणून रिफ बिघडताना मी क्वचितच पाहिलंय. ती बिघडते स्वरांच्या मधल्या रिकाम्या जागांमध्ये. त्या जागा आधी नीट कळल्या, तर वेग आपोआप येतो.

आधी रिफ समजून घ्या

बेस बाजूला ठेवा. प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून मोठ्याने मोजा: एक अन् दोन अन् तीन अन् चार अन्. एका बारात आठ जागा झाल्या, चार बारांत ३२. त्यांतल्या २४ जागांवर स्वर आहेत आणि आठ रिकाम्या आहेत.

या रिकाम्या जागा कुठेही विखुरलेल्या नाहीत. रिफ पहिल्या ठोक्यापासून लिहिली की गुंतागुंतीची दिसते. तीच दुसऱ्या बारातल्या ‘तीन’पासून लिहिली, की लगेच उलगडते: आठ जागा सलग भरलेल्या, पुढच्या आठ जागा एकाआड एक. मग पुन्हा आठ सलग, पुन्हा आठ एकाआड एक. संपला हिशेब.

एकाआड एकच्या भागात स्वर नेहमी ‘अन्’वर येतो. ‘एक, दोन, तीन, चार’ हे आकडे तिथे रिकामे जातात. सगळी मेख इथेच आहे. पाय जमिनीवर पडतो तेव्हा हात गप्प आणि पाय वर उचलला जातो तेव्हा स्वर. पायाने ठेका धरून फक्त टाळ्यांवर हे जमवा. आठ सलग टाळ्या, मग पाय वर असताना चार टाळ्या, हे चक्र न अडखळता फिरायला लागेपर्यंत बेस उचलू नका. हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढची निम्मी मेहनत इथेच वाचते.

स्वर

बेसच्या तारांचीही नावं ई, ए, डी, जी आणि स्वरांचीही तीच, म्हणून मी इथे सरगम वापरतो. गाणं ए मेजरमध्ये आहे. पेटीवर पांढरी सहाचा सा धरा, सगळे स्वर शुद्ध. गंधार या रिफमध्ये कुठेच लागत नाही.

पहिली सलग ओळ: नि नि सां रें सां सां सां प
पहिली तुटक ओळ: – म – ध – ध – ध
दुसरी सलग ओळ: प प ध प ध ध म रे
दुसरी तुटक ओळ: – रे – प – प – प

गाण्यात रिफ सुरू होते ती दुसऱ्या सलग ओळीच्या मधून, ‘ध ध म रे’पासून. सराव मात्र ओळीच्या आरंभापासूनच करा. आधी तोंडाने म्हणा. ज्यांनी लहानपणी पेटीच्या क्लासला अलंकार घोकले आहेत, त्यांना या चार ओळी लवकर पाठ होतील. तुटक ओळीतल्या प्रत्येक रेघेला हलकी मान हलवा, म्हणजे ती जागा गिळली जात नाही.

बेसवर कुठे वाजवायची

दोन पर्याय आहेत. खालच्या फ्रेट्सवर (फ्रेट म्हणजे बेसच्या मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधलं घर) रे हा स्वर ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येतो आणि सगळी रिफ पहिल्या पाच फ्रेट्समध्ये बसते, हात फारसा सरकवावा लागत नाही. पण तिथले फ्रेट्स रुंद असतात, नवख्या हाताला ताण पडतो आणि सुरावट इतकी खालच्या पट्टीत जाते की फोनच्या किंवा छोट्या स्पीकरवर ती नुसती घरघर ऐकू येते. तिथला सगळ्यात खालचा रे जेमतेम ६२ हर्ट्झचा आहे. मी एक सप्तक वर वाजवायला सांगेन. तिथे फ्रेट्स जवळजवळ आहेत आणि सुरावट कुणालाही ओळखू येते.

वरच्या जागा अशा. पहिल्या दोन तारा, म्हणजे जी (सगळ्यात बारीक) आणि तिच्या शेजारची डी, एवढ्याच लागतात. ‘जी १३’ म्हणजे जी तारेचा १३वा फ्रेट.

पहिली सलग: जी १३, जी १३, जी १४, जी १६, जी १४, जी १४, जी १४, डी १४
पहिली तुटक: – डी १२, – जी ११, – जी ११, – जी ११
दुसरी सलग: जी ९, जी ९, जी ११, जी ९, जी ११, जी ११, डी १२, डी ९
दुसरी तुटक: – डी ९, – डी १४, – डी १४, – डी १४

डाव्या हाताची फक्त दोन ठाणी आहेत. खालच्या ठाण्यावर तर्जनी ९व्या फ्रेटवर, अनामिका ११व्या आणि करंगळी १२व्या. वरच्या ठाण्यावर तर्जनी १३व्या, मधलं बोट १४व्या, करंगळी १६व्या.

आता पंचमाकडे नीट बघा. तो जी तारेच्या ९व्या फ्रेटवरही मिळतो आणि डी तारेच्या १४व्यावरही. बरेच जण तुटक ओळीतले तिन्ही प जी ९ वर वाजवतात. मग शेवटच्या प नंतर मधे श्वासही न घेता नि गाठायला हात चार फ्रेट उडवावा लागतो. १६९च्या लयीत त्या दोन स्वरांमध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वेळ असतो. तेच प डी १४ वर घेतले, तर रे नंतरच्या रिकाम्या जागेत हात निवांत वर जातो आणि पुढची सलग ओळ येईपर्यंत वरच्या ठाण्यावर स्थिरावलेला असतो. उतरतानाही तसंच. पहिली सलग ओळ डी १४ वर संपते, मग एक रिकामी जागा, आणि तेवढ्यात हात खाली येऊन करंगळी डी १२ वर टेकते. म्हणजे दोन्ही वेळा हात सरकतो तो शांततेत. ज्या रिकाम्या जागांनी आधी घाबरवलं होतं, त्याच इथे मदतीला येतात.

सां सां सां प या टप्प्यात जी १४ आणि डी १४ एकाच फ्रेटवर शेजारी येतात. मधलं बोट उचलून पलीकडे ठेवू नका. त्याच बोटाचं पेर थोडं आडवं करून शेजारच्या तारेवर लोटा.

उजवा हात

पिक, म्हणजे तार छेडायची छोटी पट्टी, वापरणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे. आकड्यावर खाली, ‘अन्’वर वर. हात कधीच थांबवायचा नाही. रिकाम्या जागी पिक तारेला न लागता हवेत खाली जाते आणि वर येताना स्वर काढते. त्यामुळे तुटक ओळीचे सगळे स्वर वरच्या फटक्याचे होतात आणि लय हातातच राहते.

बोटांनी वाजवणाऱ्यांनी आधी हीच शिस्त पाळावी: तर्जनी आकड्यांना, मधलं बोट ‘अन्’ला. तुटक ओळीत एकटं मधलं बोटच काम करताना विचित्र वाटेल, पण ठोका कुठे आहे याची जाणीव पक्की होते. रिफ अंगात मुरल्यावर मग दोन बोटं आळीपाळीने चालवा, सलग ओळींना ते जास्त सोयीचं पडतं.

स्वर तोडायला शिका

बेसची जाड तार छेडली की बराच वेळ घुमत राहते. या रिफमध्ये मात्र स्वर जितका चोख लागतो तितक्याच चोखपणे संपला पाहिजे, नाहीतर रिकाम्या जागा भरून जातात आणि सगळा उसळतेपणा हरवतो. दाबलेलं बोट तारेवरून पूर्ण उचलू नका. फ्रेटवरचा दाब फक्त सैल करा आणि बोट तारेला टेकलेलं असू द्या, म्हणजे स्वर तिथेच मरतो. डी तार वाजत असताना डाव्या तर्जनीचं खालचं पेर जी तारेला हलकं टेकलेलं असावं. ई आणि ए तारांवर उजवा अंगठा विसावलेला राहू द्या. त्या दोन तारा या रिफमध्ये लागतच नाहीत, पण मोकळ्या सोडल्या तर त्या आपल्या आपण गुणगुणायला लागतात.

एवढं करूनही आवाज लांबत असेल, तर ब्रिजजवळ (बेसच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथे) तारांखाली स्पंजचा पातळ तुकडा सरकवा. आवाज आखूड आणि टणक होतो. टोन नॉब पूर्ण उघडा, ब्रिजकडचा पिकअप वाढवा. तारा फार जुन्या असतील तर बदला, मेलेल्या तारांवर ही रिफ चमकत नाही. आणि आपण १२व्या फ्रेटच्या आसपास वावरणार असल्याने बेस तिथे सुरात आहे का ते तपासा. १२व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर सारखे दिसले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा दिसत असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा छोटा आधार) थोडं मागे घ्यावं लागेल.

लय वाढवताना

मेट्रोनोम ७० वर लावा आणि आधी फक्त दोन्ही तुटक ओळी त्यांच्या पुढच्या सलग ओळीच्या पहिल्या स्वरापर्यंत वाजवा. सांधे तिथेच निखळतात. ते जुळले की चारही ओळी जोडा आणि थोडी थोडी लय वाढवा. एखाद्या लयीवर तुटक ओळ पुढे पळू लागली, तर वेग वाढवणं थांबवून परत पायाने ठेका आणि टाळ्या. रिकामी जागा आखूड करणं हाच इथला नेहमीचा दोष आहे, आणि तो वाजवणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला आधी कळतो. म्हणून मधूनमधून फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

ऑनलाइन व्हिडिओचा वेग कमी करता येतो, त्याचा उपयोग करून घ्या. ०.५ वर गाणं साधारण ८५च्या लयीत येतं, ०.७५ वर १२७च्या. या दोन पायऱ्यांवर मूळ गाण्याबरोबर वाजवून मगच पूर्ण वेगाला जा. पूर्ण वेगात मेट्रोनोमचा प्रत्येक ठोका टोचू लागतो, म्हणून तो ८५च्या आसपास लावून त्याचा टोला फक्त ‘एक’ आणि ‘तीन’वर समजा. तोच मेट्रोनोम ‘दोन’ आणि ‘चार’वर आहे असं मानून वाजवून बघा. तसंही डगमगला नाहीत, तर बँडच्या ड्रमरसमोर उभं राहायला हरकत नाही.

मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागलं तर तिथेच थांबा आणि बेसचा पट्टा एक-दोन घरं वर घ्या. वरच्या फ्रेट्सवर हात पोचताना मनगट फार मुडपत असेल, तर बहुतेक वेळा बेस जास्त खाली लटकत असतो. रिफ स्वच्छ यायला लागल्यावर कोरस (आवाज दाट करणारं) किंवा ऑक्टेव्हर (त्याच स्वराचं दुसरं सप्तक मिसळणारं) पेडल जोडून बघा, सिंथच्या जवळ जाणारा रंग मिळतो. पण पेडल स्वरांच्या कडा पुसतं, त्यामुळे आधी कोऱ्या आवाजात आठही रिकाम्या जागा ऐकू येत आहेत ना, हे पाहून मगच पेडलवर पाय ठेवा.