जीपची बॅटरी बदलताय? या चुका टाळा

विदर्भात गाडीची बॅटरी मारतं ते ऊन. पण ती बसते पावसाळ्यात नाहीतर पौषातल्या पहाटे, म्हणून दोष थंडीच्या माथी जातो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली त्याहूनही जास्त. नवतपा संपेपर्यंत आतलं पाणी आटलेलं असतं, प्लेटा झिजलेल्या असतात. वरून पांदण रस्त्याचे हादरे. वावरात आणि जंगलात फिरणाऱ्या बोलेरो, थार, जिप्सीसाठी बॅटरी घेताना हिशोब या दोन गोष्टींचा करायचा.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे न तपासता दुकान गाठणं. सेल्फ मारला की नुसतं कट-कट वाजतं, आणि आपण ठरवून टाकतो की बॅटरी गेली. आधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी सेल्फ मारण्याआधी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.4 म्हणजे पाऊण, 12 च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मग गाडी चालू करून पाहा. 13.8 ते 14.4 आलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. 13 सुद्धा येत नसेल तर नवी बॅटरीही आठवड्यात बसेल, आणि 15 च्या वर जात असेल तर ती उकळून मरेल. (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होणाऱ्या, म्हणजे स्टार्ट-स्टॉपवाल्या, आणि काही नव्या गाड्यांत हा आकडा कमी-जास्त होत राहतो, तिथे त्यावरून निष्कर्ष काढू नका.)

यानंतरची तपासणी फारसं कोणी करत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर निगेटिव्ह खुंटीला इंजिन-बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे. चिखल-पाण्यातून जाणाऱ्या गाडीत हे नेहमीचं. पट्टी काढून, घासून, घट्ट बसवली की काम होतं. नव्या बॅटरीच्या मानाने खर्च काहीच नाही.

बॅटरी खरंच गेली असेल तर दुकानात पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "मोठीच घेऊन जा नं भाऊ, काई होत नाही." मोठ्या बॅटरीने अल्टरनेटर जळत नाही, हे खरं. प्रश्न जागेचा आहे. उंच बॅटरी ट्रेमध्ये बसते, पण खड्ड्यात गाडी आदळली की पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटला लागून ठिणगी उडू शकते. विकत घेण्याआधी जुन्या बॅटरीची उंची मोजून ठेवा. नवी बसवताना केबल जोडण्याआधी दोन्ही टर्मिनलवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट लावा आणि उघडून पाहा. गोळा चपटा होऊन बोटाएवढाही उरला नसेल तर ती बॅटरी परत करा.

लेबल वाचतानाही गफलत होते. 75डी23एल मधला 75 म्हणजे 75 एम्पिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते) नाही, तो कामगिरीचा क्रमांक आहे. 23 ही सेंटिमीटरमधली लांबी, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला ते. ही बाजू चुकली की केबल पुरत नाही, मग लोक बॅटरी उलटी फिरवतात किंवा केबल ताणतात. एम्पिअर-अवर गाडीच्या पुस्तिकेतून घ्या. डिझेल बोलेरोला पेट्रोल जिप्सीपेक्षा जास्त दमाची बॅटरी लागते, शेजाऱ्याची पाहून घेऊ नका. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, कंपनीने सांगितलेलाच प्रकार घ्या.

घरातली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जीपला लावायचा मोह होतो. ती तासन्‌तास थोडा थोडा करंट द्यायला बनवलेली असते, सेल्फला एका झटक्यात लागणारा करंट तिला झेपत नाही. उलटही तेवढंच वाईट. रानडुकरांसाठी कुंपणात विजेचा झटका सोडणारी झटका मशीन लावायची म्हणून संध्याकाळी जीपची बॅटरी काढून वावरात नेतात. सेल्फची बॅटरी रोज रात्री अशी तळापर्यंत उतरली की एका हंगामात संपते. झटका मशीनला वेगळी बॅटरी ठेवा.

मग बॅटरीला ट्रेवर घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प. दुकानदार तो हाताने घट्ट करून मोकळा होतो. बॅटरी ट्रेमध्ये एक बोटभरही हलत असेल तर आतल्या प्लेटा हादऱ्यांनी सुटतात, मग कंपनी कोणतीही असो. सगळ्या तपासण्यांत ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिला फक्त पाना लागतो. केबल काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. चालू इंजिनवर टर्मिनल काढून 'डायनामो (म्हणजे अल्टरनेटर) तपासायची' जुनी पद्धत सोडा, त्यात गाडीचा कॉम्प्युटर जाऊ शकतो.

बॅटरीवरचा बनावटीचा महिना पाहा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल उन्हाळ्यात दुकानात पडलेला असेल तर नको. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर तिथेच लिहून घ्या. सफारीला किंवा भाड्याने जाणारी गाडी असेल तर ते आधीच सांगून विचारा, कारण अशा गाड्यांना बऱ्याच कंपन्या कमी मुदत देतात. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देण्याआधी दुकानात तिची किंमत विचारा, नव्या बिलातून ती वजा करून मिळते.